अजून ऊन हाय

माझा भाऊ साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती झाला. संध्याकाळी घरी येऊन त्याने ते आप्पांना सांगितलं. आप्पांनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

आप्पा म्हणजे आमचे वडील. सांगलीला मिशनच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. त्यांचा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला आणि परत आला नाही. प्रेत नाही, कपडे नाहीत. आमची आजी पुढे मरेपर्यंत दाराची कडी वाजली की ‘कोण, थोरला का?’ असं विचारायची, आणि दार उघडायला आप्पांनाच उठावं लागायचं. त्यामुळे मुलगा पलटणीत चालला म्हटल्यावर ते ओरडले असते तर नवल नव्हतं. पण त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि आत जाऊन पडले. आई आम्ही लहान असतानाच गेली होती. दोघांच्या मधे पडायला घरात मी एकटी, आणि मधे पडणं मला कधी जमलेलं नाही. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि उरलेल्या वेळात वाचायची.

ते काम बाईंनी अंगावर घेतलं. बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की हीच संध्याकाळ आधी पुढे येते, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

बाई आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, त्यांना अक्षरओळख करून द्यायची, आजाऱ्याजवळ बसायचं, हे त्यांचं काम. मूळच्या शिरवळकडच्या, साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढलेल्या. वाचताना त्यांची भाषा छापील असे, आणि पुस्तक मिटलं की ती गावाकडे निघून जाई. नवरा सुवार्तिक होता, गावोगाव येशूची शिकवण सांगत फिरायचा; तो प्लेगात गेला. पांढरं लुगडं, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, हातात मिटलेली काळी छत्री. पावसातही ती छत्री क्वचितच उघडलेली दिसे. ती दारं वाजवण्यासाठी होती.

बुधवारी दुपारी चर्चच्या ओसरीवर बायकांचा वर्ग भरे. बायबलचा वर्ग म्हणजे एक अध्याय वाचायचा, अर्थ ऐकायचा, एक गीत म्हणायचं आणि प्रार्थना करून उठायचं, असं इतरत्र असतं. बाईंची रीत निराळी होती. एकच वचन वाचायचं आणि ते घेऊन घरी जायचं. पुढच्या बुधवारी प्रत्येकीने उभं राहून सांगायचं, केलं की नाही. एकीनेही नाही म्हटलं तर सगळ्यांना तेच वचन पुन्हा.

“आदी ह्ये करा,” त्या म्हणायच्या. “मग पुढचं वाचू. पुढचं काय पळून जात न्हाई.”

खोटं सांगायची सोय नव्हती, कारण शेजारीण त्याच सतरंजीवर बसलेली असे. मागेल त्याला द्यावं, हे वचन चालू होतं तेव्हा एकीने उभं राहून मोठ्या आवाजात सांगितलं की मी घागर दिली. मागून लगेच आवाज आला, “व्हय, दिली की! बुडाला भोक हाय तिच्या!” वचन आणखी एक आठवडा राहिलं.

एकदा मिशनच्या मिससाहेब तपासणीला आल्या. वही उघडून त्यांनी विचारलं, “बाई, या वर्षी किती झालं?”

“वाचून का करून?”

“वाचून.”

“त्ये मी मोजलं न्हाई.”

“बरं, करून?”

बाईंनी मान वर करून हिशोब केला. “सव्वा वचन,” त्या म्हणाल्या. “पाव माझ्या एकटीचं झालंय. बाकीच्यांचं व्हायचंय.”

मिससाहेबांनी वहीत काय लिहिलं ते कळलं नाही. बाईंची बदली झाली नाही एवढं खरं.

या रीतीने घोटाळेही पुष्कळ झाले. कुणी एक मैल चालायची सक्ती केली तर आपण दोन मैल जावं, हे वचन आलं, आणि दवाखान्यातल्या आयाला ते करायची संधी लगेच मिळाली. बहिणीला सोडायला ती स्टेशनवर गेली होती. रजेवर आलेल्या एका हवालदाराने “ए बाई, चल” म्हणून तिच्या डोक्यावर आपली ट्रंक ठेवली. ती निमूट चालू लागली. हवालदाराचं घर आलं.

“ठेव इथं,” तो म्हणाला.

“न्हाई,” ती म्हणाली. “अजून एक मैल हाय.” आणि मिरजेच्या रस्त्याने नीट पुढे निघाली. मागून हवालदार एका हातात टोपी धरून ‘चोर, चोर’ करत पळतो आहे आणि पुढे आया ट्रंक घेऊन मान न वळवता चालली आहे, अशी ती वरात. लोकांनी तिला धरून चौकीवर नेलं. तिथे ती शांतपणे सांगत राहिली, “शास्त्रात हाय.” बाईंना जाऊन तिला सोडवून आणावं लागलं. परत येताना त्या तिला म्हणाल्या, “केलंस त्ये बरोबर केलंस. पर पुढच्या खेपेला त्याला आदी सांग.”

लोक हसायचे. मीही हसले आहे. पण आम्ही घरात जी वचनं चौकटी करून भिंतीला लावली होती, ती बाईंच्या हातात पडली की उठून चालू लागायची, आणि मग त्यांच्यापासून सुटका नसायची.

सगळ्यांत जास्त चाललं ते रागाचं वचन. बायबलात पौलाने एका पत्रात लिहिलं आहे की राग आला तरी त्याच्यावर सूर्य मावळू देऊ नये. आम्हाला तो एक सुंदर विचार वाटे. बाईंनी ते वेळापत्रक मानलं. ऊन उतरायला लागलं की त्या आमच्या वस्तीच्या वरच्या टोकाला उभ्या राहत आणि एकेक दार छत्रीने वाजवत विहिरीपर्यंत येत.

“दिवस बुडतोय. कुणाचं काय ऱ्हायलंय का?”

ज्याचं राहिलं असेल त्याने तिथल्या तिथे जाऊन मिटवायचं. मिटलं की बाई कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून दोघांनाही अर्धा अर्धा द्यायच्या. गुळाला आमच्याकडे तोटा नव्हता. पोरं गुळासाठी खोटी भांडणं काढू लागली, तर बाईंनी त्यांच्या तळहातावर चिमटीने काहीच ठेवलं नाही आणि त्यांच्या मुठी मिटवून दिल्या. “खोट्या भांडणाला खोटा गूळ. खावा आता.”

हळूहळू सगळी वस्ती त्यांच्या घड्याळावर आली. पोटभर भांडायचं असेल तर बायका सकाळीच सुरुवात करत, संध्याकाळी म्हातारी येती म्हणून. बाई लवकर आल्या तर त्यांना दारातूनच ऐकू येई, “आवं बाई, अजून ऊन हाय, भांडू द्या की जरा!” आणि बाई खरोखरच पुढचं एक घर करून परत येत.

वस्तीच्या कोपऱ्यावर एक मुसलमान टांगेवाला राहायचा. त्याचंही दार त्या सोडत नसत. एका संध्याकाळी तो उंबऱ्यात येऊन म्हणाला, “बाई, आमच्यात तीन दिवसांची मुभा हाय.”

“बरं हाय बाबा तुमचं,” बाई म्हणाल्या. “ह्यो कितवा?”

“चौथा!” आतून त्याची बायको म्हणाली. बाईंनी गूळ काढला.

भाऊ भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई आमच्या दारात आल्या. आप्पा पुस्तक घेऊन बसले होते. भाऊ परसात सायकल पुसत होता.

“कंपाउंडर, दिवस बुडतोय.”

“बुडू द्या,” आप्पा म्हणाले. पान उलटलं.

बाई उभ्या राहिल्या. त्या उपदेश करत नसत. उन्हाची तिरीप अंगणातून भिंतीवर चढली आणि गेली. मग त्या वळल्या. सूर्य मावळला की त्यांच्या लेखी तो दिवस संपला. त्यानंतर त्या कुणालाही काही म्हणत नसत, कारण म्हणायला काही उरलं नाही असं त्यांना मनापासून वाटे. रिकाम्या हाताने परतताना त्यांची चाल बदले.

भाऊ निघाला त्या दिवशी गाडी दुपारची होती. बाई चुना मारलेल्या फाटकाशी येऊन उभ्या. “कंपाउंडर, लख्ख ऊन हाय. पोरगं चाललंय.” आप्पा आतून आले नाहीत. भावाने उंबऱ्यापाशी वाकून, कुणी नसलेल्या जागी नमस्कार केला. “अक्का, त्यांना सांभाळ,” मला म्हणाला आणि गेला. तो आता आप्पांचं तोंड न पाहताच मरणार, असं मला त्या क्षणी अगदी स्पष्ट वाटलं. आप्पांनाही तेच वाटलं असणार.

त्यानंतर बाई रोज आमच्याकडे येत राहिल्या, आणि आप्पांनी एक युक्ती काढली. ते दवाखान्यातून मुद्दाम उशिरा निघू लागले. बाई आमच्या पायरीवर बसून असत. आप्पा फाटकातून येत, आभाळाकडे बघत आणि म्हणत, “बाई, मावळला. आता उद्या.” बाईंच्याच नियमाने त्यांनी बाईंना गप्प केलं होतं.

भावाची पत्रं मला येत. ती मी मोठ्याने वाचत असे. आप्पा आतल्या खोलीत असत, पण त्या वेळी त्यांच्या खाटेचा आवाज येत नसे. उत्तराच्या कागदावर मी खाली थोडी जागा कोरी ठेवून तो मेजावर ठेवून द्यायची. जागा कोरीच जाई.

मग तो समुद्रापार गेला. कुठे आहे ते लिहायची बंदी होती. त्याने लिहिलं, “अक्का, योसेफाला भावांनी विकल्यावर तो ज्या देशात गेला तिथे आहे. खजूर चांगला मिळतो.” पत्रं तपासणाऱ्या साहेबांना काही कळलं नाही, आमच्या वस्तीत मात्र पाचवीतल्या मुलीलाही कळलं. मिसर देश, म्हणजे इजिप्त.

त्या संध्याकाळी आप्पा ‘मावळला’ म्हणून आत गेले, आणि बाई उठू लागल्या, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, “त्याच्याकडे अजून ऊन असेल.”

बाई अर्ध्या उठल्या होत्या तशाच थांबल्या. “म्हंजे?”

“मिसर आपल्या पश्चिमेला. तिथे सूर्य आपल्यानंतर तीनेक तासांनी मावळतो.”

“नक्की?”

शाळेचा पृथ्वीचा गोल दुरुस्तीसाठी घरी आणलेला होता. मी तो काढला, कंदील लावला, आणि वर्गात दाखवते तसं दाखवलं. ही सांगली, हा कंदील. सांगली अंधारात गेली, मिसर बघा. बाईंनी नाक गोलाला लावून पाहिलं. “पुन्हा फिरव,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा फिरवला. मग त्यांनी छत्री उचलली आणि आप्पांच्या खोलीच्या दारावर वाजवली.

“कंपाउंडर, भाईर या. मावळला न्हाई.”

“बाई, अंधार पडलाय.”

“तुमचा पडलाय. तुमचा राग हाय मिसरात. तिथं चारबी वाजलं न्हाईत.”

आप्पा दारात आले. एकदा गोलाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रागावतील. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, आणि ते दार लोटून परत आत गेले. पण कडी लावली नाही.

तेव्हापासून बाईंच्या दोन फेऱ्या झाल्या. दिवे लागायच्या आधी वस्तीची, आणि जेवणं झाली की फक्त आमच्या घराची. “तिकडं अजून ऊन हाय, कंपाउंडर,” एवढंच म्हणायचं आणि थोडं बसून जायचं. आप्पा पुन्हा दवाखान्यातून वेळेवर येऊ लागले. आणि एकदा मी कपडे घडी करत असताना माझ्याकडे पाठ करून त्यांनी विचारलं, “आत्ता तिकडं किती वाजले असतील गं?”

मी सांगितलं. “हं,” म्हणाले.

बेचाळीसच्या पावसाळ्यात पत्रं थांबली. सगळीकडे गडबड होती, रूळ उखडले होते, तारा तोडल्या होत्या, त्यामुळे टपाल अडकलं असेल असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. मग तार आली. त्यात तो बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं.

आप्पांनी ती वाचली आणि माझ्या हातात दिली. “योसेफ मेला म्हणून याकोबाला त्याच्या मुलांनी खोटं सांगितलं होतं,” ते म्हणाले. “मला सरकारने सांगितलंय.” त्यानंतर त्यांनी तोंड मिटलं. दवाखान्यात जात होते, औषधं देत होते, पण जेवत नव्हते. त्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीने सगळ्यांनी एकाच थाळीतली भाकरी घ्यायची. भाकरीची थाळी त्यांच्यापर्यंत आली, त्यांनी ती हाताने पुढे सरकवली, उठले आणि चर्चमधून निघून गेले. मनात राग ठेवून त्या थाळीला हात लावू नये, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आणि ज्याच्यावरचा राग मिटवायचा तो आता कुठेच नव्हता. माझा बाप असाच जन्मभर त्या थाळीपासून उठून जात राहणार, हे मी बाकावर बसून पाहत होते.

त्या संध्याकाळी बाई आल्या नाहीत. वस्तीतही फिरल्या नाहीत. लोक दारात येऊन वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कधी येत नसत अशा वेळी, त्या आल्या. छत्री आणली नव्हती. ऊन डोक्यावर घेऊन आल्या होत्या आणि चेहरा लाल झाला होता. आप्पा त्या दिवशी दवाखान्यात गेले नव्हते. पायरीवर बसले होते. बाई त्यांच्या शेजारी खालच्या पायरीवर बसल्या.

“मी चुकले, कंपाउंडर,” त्या म्हणाल्या. “इतकी वरसं मी सांगलीच्या उन्हावर चालले. लोकांस्नी पळवलं. ज्यांचं ऱ्हायलं त्यांस्नी वाटलं, आता गेलं.” मग माझ्याकडे वळून, “मास्तरीणबाई, खरं सांग. सूर्य मावळतो का?”

त्यांना काय उत्तर हवं आहे ते मला कळेना, म्हणून जे वर्गात सांगते ते सांगितलं. “नाही, बाई. आपण फिरतो. तो कुठेतरी कायम उगवलेलाच असतो.”

“ऐकलंत? मावळला न्हाई अजून. बोला.”

“कुणाशी?” आप्पा म्हणाले.

“पोराशी.”

“तो आहे का?”

“मला ठावं न्हाई. तो हाय का न्हाई, ह्ये देवाकडं. तुमचा राग हाय का न्हाई, ह्ये तुमच्याकडं. तुमच्याकडचं तेवढं बघा.”

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. ती पार वळेपर्यंत आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला आणि दवाखान्याच्या खिडकीतून रोग्याला औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगतात त्या आवाजात, समोरच्या फाटकाकडे बघत ते म्हणाले, “भरती झालास ते मला आवडलं नाही. अजूनही आवडत नाही.” थांबले. “पण घरी ये. मी दार उघडतो.”

आणि ते रडले. त्याआधी मी त्यांना रडताना पाहिलेलं नव्हतं. बाईंनी कमरेला हात घातला, चाचपलं. “गूळ इसरले,” त्या म्हणाल्या.

“राहू द्या,” आप्पा म्हणाले. मग मला म्हणाले, “भात आहे का काही?”

पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी थाळी घेतली. भाऊ जिवंत आहे की नाही हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. तरी घरातली हवा हलकी झाली होती, आणि मला त्याचं थोडं अपराधीही वाटायचं, की भाऊ सापडलेला नाही आणि मला रात्री झोप लागते.

हे प्रकरण चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. ते माणूस चांगले, पण अर्थाच्या बाबतीत काटेकोर. त्यांनी बाईंना ओसरीवर गाठलं. “बाई, अशाने वचनाला काही अर्थच उरत नाही. सूर्य कधी मावळतच नाही म्हटलं, तर माणसं खुशाल कायम रागात राहतील.”

“राहतील की,” बाई म्हणाल्या. “पर उशीर झाला म्हणून तरी राहणार न्हाईत.”

पाळकसाहेबांनी यावर थोडा विचार केला आणि ते चष्मा पुसत आत गेले. बाईंनी संध्याकाळची फेरी सोडली नाही, घाई मात्र सोडली. कुणी आप्पांची जुनी युक्ती करून “मावळला, बाई” म्हटलं, की त्या बिनदिक्कत ओसरीवर बसकण मारत. “मावळला न्हाई, पल्याड गेलाय. चहा टाक.”

थंडीत एक छापील कार्ड आलं. इटलीतल्या कैद्यांच्या छावणीचं. छापलेल्या ओळींच्या खाली पेन्सिलीने भावाचं नाव, आणि ‘ठीक आहे’ एवढे दोन शब्द. मी शाळेतून दवाखान्यापर्यंत पळत गेले. पळताना मला कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे वाटेत चारजण मागे लागले. आप्पा खिडकीत बाटलीवर डोसाच्या खुणांची पट्टी चिकटवत होते. त्यांनी कार्ड उजेडात धरलं.

“अक्षर त्याचंच ना?”

“त्याचंच, आप्पा.”

“त्याचा ‘ठ’ असाच असतो,” ते म्हणाले. मग समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या रोग्याला त्यांनी सांगितलं, “मुलगा आहे माझा,” आणि बाटली त्याच्या हातात देऊन, एप्रन न काढता, ते बाईंच्या घराकडे निघाले. इतक्या वर्षांत ते त्यांच्या दारी कधी गेले नव्हते.

बाई दारात उभ्या राहून शेजारणीशी भांडत होत्या. शेजारणीच्या कोंबडीने त्यांची कोथिंबीर उकरली होती. वस्तीचे तंटे मिटवणाऱ्या बाईंचा स्वतःचा आवाज पार विहिरीपर्यंत जात होता.

“बाई,” आप्पा म्हणाले.

“थांबा, कंपाउंडर! अजून ऊन हाय, मला भांडू द्या!”

“बाई, तो आहे.”

बाईंचा हात वर होता तो तसाच राहिला. त्यांनी कार्ड घेतलं, उलटसुलट केलं आणि भुईवर बसल्या. शेजारीणच आत जाऊन पाणी घेऊन आली. बाईंनी ते पिऊन तांब्या तिला परत दिला आणि म्हणाल्या, “कोंबडी बांधत जा, एवढंच माझं म्हणणं हाय.” मग त्या हसायला लागल्या, आणि शेजारीणही हसायला लागली. आप्पा एप्रनच्या टोकाने चष्मा पुसत उभे होते.

कैद्याला पाठवायच्या पत्रात ओळी मोजक्या चालत. मी माझ्या वाट्याच्या दोन ओळी लिहून कागद मेजावर ठेवला. सकाळी बघते तो उरलेली सगळी जागा भरलेली होती, आणि ती पुरली नाही म्हणून कडेने आडवंही लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही.

लढाई संपल्यावर भाऊ आला. मिरजेच्या स्टेशनवर तो गाडीतून उतरला तेव्हा आधी मी त्याला ओळखलंच नाही, इतका वाळला होता. आप्पांनी ओळखलं. ते त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

“भरती झालास ते मला आवडलं नव्हतं,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे, आप्पा. प्रत्येक पत्रात लिहिलंत.”

“बरं. घरी चल.”

पुढे त्या दोघांची रोज भांडणं होत. सायकलवरून, नोकरीवरून, भाऊ छावणीत शिकून आलेल्या काळ्या कॉफीवरून. बाई पायरीवर बसून ऐकायच्या. “आता ह्यांचं बरं चाललंय,” मला म्हणायच्या. “त्वांड बंद न्हाई एकाचंबी.”

आप्पा गेले तेव्हा भाऊ त्यांच्या उशाशी होता. बाई त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेल्या. आजारी असताना बुधवारचा वर्ग त्यांच्या खाटेभोवती भरे. वचन बायका वाचत आणि कोण केलं म्हणते, कोण नाही म्हणते, ते त्या डोळे मिटून ऐकत. शेवटच्या बुधवारी दोघींनी नाही म्हटलं. “मग ह्येच पुन्हा,” बाई म्हणाल्या. त्यांची शवपेटी उचलणाऱ्यांत माझा भाऊ होता, पाळकसाहेब होते आणि टांगेवालाही होता.

वर्ग आता दुसऱ्या बाई घेतात. वर्षभरात वर्गाची बायबलातली दोन शुभवर्तमानं वाचून पुरी झाली. आप्पा आणि भाऊ यांच्यात मिटवायचं काही राहिलं नाही. घरात मी आणि भाऊ आहोत.